बांड्या शेपूट का चावत होता

पौष लागला की अकोल्याच्या भाजीबाजारात तुरीच्या शेंगांचे ढीग दिसू लागतात. हिरव्या, त्यावर जांभळट रेघा, हाताला जराशा चिकट. मी गरज नसताना दोन किलो घेते. घरात माणसं दोन, मी आणि नवरा. मुलगी शिकायला नागपूरला. दोन किलो शेंगा सोलायला अख्खी दुपार जाते आणि सोल्यांची भाजी तीन दिवस संपत नाही. नवरा म्हणतो, सोललेले दाणे मिळतात की. मिळतात, मलाही माहीत आहे. पण अंगठ्याच्या नखात तो हिरवा मळ बसला की मला तीन वर्षांपूर्वीचा हिवाळा आठवतो. त्या हिवाळ्यात मी एका कुत्र्याच्या मागे, म्हणजे अगदी मागे, जिथं त्याचं शेपूट असायला हवं होतं तिथं, टक लावून बसले होते.

झालं असं की बाबांच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन अमरावतीला झालं. आई पुण्याला भावाकडे, वहिनीच्या दुसऱ्या बाळंतपणासाठी. दिवसातून चार वेळा डोळ्यात थेंब कोण टाकणार, हा प्रश्न. मी शाळेत विज्ञान शिकवते. त्या वर्षी साठलेली रजा पडून होती. मी महिनाभर गावी गेले. दर्यापूरपासून पुढे आठेक किलोमीटरवर आमचं गाव. काळी जमीन, खारं पाणी, आणि घराच्या कुंपणापलीकडे लगेच तूर. सकाळी ओट्यावर बसलं की दंवाने भिजलेल्या तुरीचा हिरवट वास यायचा, आणि शेजारच्या शांताकाकू अंगणात शेंगा उकडायला ठेवत त्याचा वास त्यात मिसळायचा.

शेपूट तुटक्या जनावराला आमच्याकडे बांडा म्हणतात, म्हणून आमचा हा कुत्रा बांड्या. त्याचं शेपूट तुटलं मात्र नव्हतं. बाबांनीच ते कापलं होतं, तो दोन महिन्यांचा असताना, विळ्यानं. शेपूट कापलं की कुत्रं तेज होतं आणि कापलेला तुकडा उंबऱ्यापाशी पुरला की ते घर सोडून जात नाही, अशी आमच्या घरची समजूत. आजोबांनी त्यांच्या कुत्र्याचं कापलं, म्हणून बाबांनी ह्याचं कापलं. तेज म्हणाल तर बांड्या कोंबडीलाही वाट करून देतो. घर मात्र त्यानं खरंच सोडलं नाही. तो उंबऱ्याशी नाक लावून झोपायचा तेव्हा मला वाटायचं, खाली आपलाच काही भाग आहे हे ह्याला कळत असेल का? एकदा तिथली माती उकरून बघावी असंही मनात आलं. पण बाबांसमोर उंबरा उकरायचा म्हणजे फारच झालं असतं.

मी गेले त्या संध्याकाळीच पाहिलं. बांड्या अंगणात गोल वळून बसलेला, आणि त्या चार बोटांच्या थोटकाला दातांनी कुरतडतो आहे. टोकाचे केस गेलेले, कातडी लालभडक, मध्ये ओली जखम.

"हे कधीपासून?" मी विचारलं.

"झाले असतीन पंधरा-वीस रोज," बाबा म्हणाले. त्यांच्या डाव्या डोळ्यावर पट्टी होती, त्यामुळे माझ्याकडे बघायला त्यांना पूर्ण मान वळवावी लागायची.

"पण काहून करते असं?"

"त्याले इचार."

बाबा तीस वर्षं एसटीत कंडक्टर होते. तीस वर्षं "पुढं सरका, मधी जागा हाय" म्हणून झाल्यावर माणसाकडे घरासाठी शब्द उरत नसावेत, असं आम्ही भावंडं म्हणायचो.

कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच, ही म्हण मी वर्गात किती वेळा वापरली असेल. इथं नळीत घालायलाही काही शिल्लक नव्हतं. गावानं मात्र आपापले उपाय आणून दिले. एकानं जळकं ऑइल सांगितलं, दुसऱ्यानं तंबाखूचं पाणी. शांताकाकूंनी मिरचीची पूड आणली आणि म्हणाल्या, "लावून त पाह्य. पुन्हा तोंड नाई लावनार तो." लावली. बांड्यानं वास घेतला, चाटली, दोनदा शिंकला आणि पुन्हा चाटली. वऱ्हाडातलं कुत्रं, ठेचा-भाकरीवर वाढलेलं. त्याला मिरचीची काय भीती. शांताकाकूच हसत सुटल्या. मग मी प्लास्टिकच्या बादलीचं बूड कापून ती त्याच्या गळ्यात घातली. तो बादलीसकट तुळशीच्या कुंडीला धडकला, दारात अडकला, आणि शेवटी भिंतीला तोंड लावून असा उभा राहिला की बाबांनी उठून स्वतः ती काढली.

दर्यापूरच्या जनावरांच्या दवाखान्यात तरुण डॉक्टरबाई होत्या. त्यांनी थोटूक दाबून पाहिलं, बांड्या कळवळला. "हे कापलं कोणी?" त्यांनी विचारलं. बाबा खाली बघत म्हणाले, "मी." असं करायचं नसतं, कायद्यातही बसत नाही, हे त्या शांतपणे सांगत होत्या आणि बाबा वर्गात उभं केलेल्या मुलासारखे ऐकत होते. मग त्या म्हणाल्या, "अजून हाडापर्यंत गेलं नाही. पंधरा दिवसांत सुकलं तर ठीक. नाही तर हे थोटूक पुन्हा वरून कापावं लागंन. आणि त्याच्याही वर गेलं, पाठीच्या हाडाले धरलं, तर कुत्रं हाती लागत नाही."

"पुन्हा कापाचं?" बाबा म्हणाले.

"तुम्ही नाही, मी कापीन. भूल देऊन."

"तुमी कापा का मी कापू, त्याले तं कापनंच झालं."

निघताना मी विचारलं की हे सुरू कशानं झालं असेल. डॉक्टरबाई औषध लिहिता लिहिता म्हणाल्या, "कुसळ गेलं असंन, पिसू चावली असंन, ते आता काही सापडायचं नाही. सुरू कशानं झालं ते सोडा. चालू कशानं राहिलं ते पाहा."

ह्या एका वाक्यानं माझ्यातली मास्तरीण जागी झाली. घरी येऊन मी एक दोनशे पानी वही काढली. सकाळी ओट्यावर शेंगांचं सूप मांडीवर घ्यायचं, वही शेजारी, आणि बांड्या कधी चावतो ते लिहायचं. खारं पाणी, हा माझा पहिला संशय. आमच्या विहिरीचं पाणी इतकं खारट की डाळ शिजत नाही. त्यानं धुतलेल्या जखमेवर मीठ राहत असेल आणि तो मिठासाठी चाटत असेल. चार दिवस पिण्याच्या जारच्या पाण्यानं धुतलं. काही फरक नाही. मग माश्या, म्हणून धूर केला. मग थंडी, म्हणून पोतं अंथरलं. शांताकाकू कुंपणावरून म्हणायच्या, "मास्तरीनबाई, कुत्र्याची परीक्षा घेऊन राहिल्या का?" मी म्हणायचे, परीक्षा माझीच आहे.

खरंच होती. इतक्या जवळून मी कुठल्याच प्राण्याकडे पाहिलं नव्हतं. शेपूट म्हणजे कुत्र्याचं निम्मं बोलणं, हे मला पुस्तकातून माहीत होतं; बांड्याकडे बघून ते कळलं. त्याला आनंद झाला की कमरेपासून मागचा सगळा भाग हलायचा, मागचे पाय मातीवर घसरायचे. गावातल्या बाकीच्या कुत्र्यांना तो काय म्हणतो ते समजायचं नाही. तो दोस्ती करायला जायचा आणि मार खाऊन यायचा. ती गुरगुरायची तेव्हा ह्याच्याकडे खाली घालायला शेपूट नव्हतं, मग हा पाठीवर आडवाच व्हायचा. सगळं म्हणणं अख्ख्या अंगानं म्हणावं लागतं अशा जिवाला किती दमायला होत असेल, असं मला वाटायचं. शेंगा सोलता सोलता मी बराच वेळ असल्या विचारात असायचे आणि सालं दाण्यांत टाकायचे.

पंधरातला अकरावा दिवस उजाडला. जखम सुकली नव्हती, उलट तिच्या कडेला पिवळं दिसायला लागलं. त्या दिवशी बाबांना डोळा दाखवायला अमरावतीला जायचं होतं. मला सर्दी-खोकला झाला होता, म्हणून शांताकाकूंचे यजमान त्यांना घेऊन गेले. दिवसभर घरी मी आणि बांड्या. मी नेहमीप्रमाणे वही घेऊन बसले. दहा वाजले, बारा वाजले, दोन वाजले. मी लिहीत होते: झोपला. उठून पाणी प्यायला. कोंबडीला वाट दिली. झोपला. माझं पान भरलं तरी त्यात चावणं नव्हतं. मी मागची पानं उलटून पाहिली. दुपारी बाबा आत झोपायचे तेव्हाही चावणं नव्हतं. बाबा शेतावर नजर टाकायला गेले तेव्हाही नाही.

साडेपाचला जीप फाट्यावर थांबल्याचा आवाज आला. बांड्या उठला, फाटकापर्यंत गेला, बाबांना बघून त्याचं मागचं अंग डावी-उजवीकडे हललं. बाबा त्याच्या बाजूनं सरळ आत आले, ओट्यावर टेकले, डोक्याचा रुमाल सोडला. त्याच्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. मग बांड्या ओट्यासमोर येऊन बसला, गोल वळला, थोटूक तोंडात धरलं, आणि चावताना वर, बाबांकडे बघत राहिला.

"दुखते का रे, दुखते का," असं काहीतरी पुटपुटत बाबा लगेच उठले. चुलीपाशी गेले. वाटीत घरचं तूप घेतलं, त्यात चिमूटभर हळद कालवली, आणि बांड्याजवळ मातीत मांडी घालून बसले. त्याचं डोकं मांडीवर घेऊन त्यांनी हळूहळू, बोटाच्या टोकानं, ते तूप-हळद लावलं. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. बांड्यानं डोळे मिटले होते. बाबा आत गेल्यावर त्यानं सगळं तूप चाटून साफ केलं.

हे मी रोज बघत होते. रोज. आणि माझ्या वहीत त्याची एकही नोंद नव्हती. पाणी लिहिलं, माश्या लिहिल्या, ढगाळ हवा लिहिली. तूप-हळद लिहिली नाही, कारण आमच्या घरात गुडघ्यापासून भेगाळलेल्या टाचांपर्यंत सगळ्याला तूप-हळदच लागते. ते कोणी औषधात धरत नाही. डॉक्टरबाईंनी विचारलं, घरी काय लावता, तेव्हा बाबाही म्हणाले होते, "काई नाई." त्यांना ते खोटं वाटलंच नव्हतं.

मला सहावी-सातवीतलं काहीतरी आठवलं आणि मी वही मिटली. लहानपणी मला फार ताप यायचा. घटक चाचणी आली की ताप. बाबांची ड्यूटी असायची, ते घरी आले तरी खुंटीला पिशवी अडकवून गप्प बसायचे. पण मला ताप आला की ते कॉटच्या कडेला बसत, कपाळावर ओल्या रुमालाची घडी ठेवत, तो गरम झाला की उलटत, आणि खिशातून बिस्किटाचा पुडा काढून उशाशी ठेवत. मी सोंग करत नव्हते, हे आज शपथेवर सांगते. थर्मामीटर खोटं बोलत नाही. पण ताप उतरला की मला वाईट वाटायचं, हेही खरंच आहे. बरं झालं की बाबा परत पिशवी अडकवून गप्प बसणार. आमच्या घरात माणूस आजारी पडला की त्याच्यावर सगळ्यांचा जीव दिसायचा. धडधाकट माणसावर जीव असतो, पण तो दाखवायची रीत नव्हती.

जेवताना मी बाबांना सांगितलं. "तुमी गेले होते, तं दिवसभर एकदाबी नाई चावलं त्यानं. तुमी आल्यावर चावलं."

"मंग माह्यामुळं चावते म्हन ना सरळ."

"तुमच्यामुळं नाई. तुमच्यासाठी."

बाबांनी घास तसाच ठेवला. "जखम हाय त्याले. दुखत असंन. दुखते म्हनून मी जातो."

"दुखतेच ना. पन तुमी एरवी जाता का त्याच्यापाशी?"

बाबा ताट अर्धं सोडून हात धुवायला उठले. मला वाटलं, मी फार बोलले. बापाला असं विचारायचं नसतं, आणि मी ते बांड्याबद्दलच विचारत होते का, हेही मला नीट सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी वही घेऊन आम्ही दर्यापूरला गेलो. डॉक्टरबाईंनी ती पानं मन लावून वाचली, हसल्या नाहीत, म्हणून मला त्या आवडल्या. त्यांनी एक आठवडा वाढवून दिला. तूप एकदम बंद, फक्त पावडर आणि कडू फवारा, आणि हे दोन्ही मी लावायचं. "आणि काका," त्या बाबांना म्हणाल्या, "तो चावत असला की त्याच्याकडे बघायचंही नाही. तो निवांत असंन, काही करत नसंन, तेव्हा जा त्याच्याजवळ. पहिले दोन-तीन दिवस तो जास्त चावंन. रागावंन तुमच्यावर. तेवढं सोसा."

सोसणं कठीण होतं. पहिल्या संध्याकाळी बांड्या चावत बसला, बाबा उठले नाहीत. तो जवळ सरकला. बाबांनी तोंड फिरवलं, पण पट्टी डाव्या डोळ्यावर आणि बांड्या उजवीकडे. त्यांना तो दिसतच होता. मग त्यांनी चांगला डोळाही मिटून घेतला. बांड्यानं एक बारीक, लांब आवाज काढला. दुसऱ्या दिवशी रक्त आलं आणि ओट्याच्या पायरीवर त्याचे डाग पडले. बाबा उठायला लागले. मी त्यांचा हात धरला. तो हात मी किती वर्षांत धरला नव्हता. सुकलेला, हाडकुळा, तिकिटं फाडून अंगठ्याला पडलेला घट्टा अजून तसाच. "बसा बाबा," मी म्हटलं. "पुन्हा कापा लागंन, नाई तं."

ते बसले. थोड्या वेळानं म्हणाले, "शेपूट त्यानं मांगितलं नोतं कापाले. मी कापलं. आता एवढं तरी लावू द्यावं, तं तेबी नाई."

मी हात सोडला नाही. आम्ही दोघं तसेच बसून राहिलो, आणि समोर तो आमच्याकडे बघत चावत राहिला.

पाचव्या दिवशी दुपारी मी आत सोले निवडत होते. बाहेर बाबांचं बोलणं ऐकू आलं. कोणी आलं असेल म्हणून मी डोकावले. बांड्या उन्हात पसरला होता, अर्धवट झोपेत, आणि बाबा त्याच्यापासून हातभर अंतरावर मातीत बसले होते. हातात वाटी नाही, काही नाही. हात मांडीवर ठेवले, मग उचलले, मग पुन्हा ठेवले. जखमेवर काही लावायचं नसेल तर कुत्र्याजवळ बसून काय करायचं असतं, हे त्यांना खरोखर माहीत नव्हतं. शेवटी त्यांना जे येत होतं ते त्यांनी काढलं. अगदी हळू, पण कंडक्टरच्याच सुरात ते म्हणत होते, "खोलापूर... खोलापूरवाले उतरा... वलगाव... वलगाव हाय का कोनी..." बांड्यानं एक डोळा उघडला. मग उठून अंग झटकलं, जवळ आला आणि बाबांच्या मांडीवर मान टाकून परत झोपला. बाबांचा हात आधी हवेतच राहिला. नंतर तो त्याच्या दोन कानांच्या मध्ये टेकला. मी आत येऊन सोल्यांच्या परातीपुढे बसले, आणि मला रडू आलं.

त्यानंतर रोज दुपारी अमरावतीची गाडी सुटायची. कधी परतवाड्याचीही सुटायची. चावणं एकदम थांबलं नाही. कमी झालं, दोन दिवस पुन्हा वाढलं, मग कमी होत गेलं. आठवडा संपला तेव्हा डॉक्टरबाईंनी थोटूक दाबून पाहिलं, बांड्या ओरडला नाही, आणि त्या म्हणाल्या, "नाही कापत." बाबांनी नुसती मान हलवली आणि बाहेर जाऊन रुमालानं बराच वेळ चांगला डोळा पुसला.

सगळं मला कळलं असं नाही. सुरुवात कशानं झाली ते आजही माहीत नाही. तूप थांबलं म्हणून चावणं थांबलं, का बाबा आपणहून जाऊ लागले म्हणून थांबलं, का औषधानं खाज गेली म्हणून, हे सांगायला वेगवेगळं करून बघायला हवं होतं, आणि एकच कुत्रा, एकच बाप, त्यांच्यावर असला प्रयोग कोण करणार. वर्गात मी मुलांना सांगते की एका वेळी एकच गोष्ट बदला. त्या हिवाळ्यात आम्ही सगळ्या एकदम बदलल्या.

तुरी सोंगायला आल्या, आई पुण्याहून परतली, आणि मी अकोल्याला आले. शाळेत दहावीच्या प्रात्यक्षिक परीक्षा सुरू होत्या. बुधवारची दुपार, प्रयोगशाळेत लिटमसच्या पट्ट्या वाटत होते, आणि फोन थरथरला. बाबा. बाबा स्वतःहून फोन करत नाहीत. केला तर कोणीतरी गेलेलं असतं किंवा कोणीतरी दवाखान्यात असतं. मी पट्ट्या टेबलावर टाकून व्हरांड्यात पळाले.

"काय झालं बाबा? डोळा?"

"डोळा बेस हाय."

"बांड्या? आई?"

"आई शेंगा उकडून राहिली. बांड्या झोपला हाय."

"मग झालं काय?"

पलीकडून चिमण्यांचा आवाज येत होता.

"काई झालं नाई," ते म्हणाले. "म्हनूनच केला."

मग बराच वेळ दोघांपैकी कोणीच फोन ठेवला नाही.